घरानेही हो म्हणायला हवं : खान्देशातल्या नव्या रिक्रूटरसाठी क्लोजिंगच्या पायऱ्या

अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा मुलगा. मेकॅनिकल डिप्लोमा, दोन वर्षांचा अनुभव, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात निवड झालेली. ऑफर लेटर मिळालं त्याच संध्याकाळी त्याने मेलवर होकार कळवला. मी रिक्रूटर, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणारा. पुढच्या महिनाभरात मी त्याला चार वेळा फोन केला. चारही वेळा "हो सर, पक्कं आहे" हेच उत्तर. जॉइनिंगच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता कंपनीच्या एचआरचा फोन आला की तुमचा मुलगा गेटवर आलेला नाही. त्याचा मोबाईल बंद.

मला राग आला होता. दोन आठवड्यांनी त्या बाजूला काम निघालं तेव्हा वाट वाकडी करून त्याच्या घरी गेलो. मुलगा शेतात होता. वडिलांनी ओट्यावर खाट टाकली, पाणी दिलं, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, पोऱ्या तठे खाई काय अन् राही कोठे?"

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्यांचा पुतण्या आधी पुण्याला गेला होता. ठेकेदाराने सात महिने राबवून घेतलं आणि एक दिवस उद्यापासून येऊ नको म्हणाला. दोन महिन्यांचा पगार बुडाला. हीही नोकरी तसलीच असणार, असं घरात सगळेच धरून चालले होते. प्रत्यक्षात ही नोकरी थेट कंपनीच्या पेरोलवर होती, म्हणजे पगार ठेकेदार नाही, कंपनीच देणार होती. पण पेरोल आणि कॉन्ट्रॅक्ट यातला फरक मी मुलाला कधी समजावून सांगितला नव्हता, मग त्याने तो वडिलांना कसा सांगावा? मी चार फोन केले आणि चारही वेळा "येताय ना?" एवढंच विचारलं.

जळगावात बसून अकरा वर्षं मी हे काम करतो. इथल्या एमआयडीसीतले पाईप आणि ठिबकचे कारखाने, डाळ मिल, चटईवाले, धुळ्याची अवधान आणि नरडाणा वसाहत, शिरपूरच्या कापड गिरण्या. आणि बाहेर नाशिक, चाकण, वाळूज, सुरत. आता या कामात नवीन मुलंमुली येत आहेत. कॉल कसा करायचा हे त्यांना शिकवलं जातं, माणूस खरोखर जागेवर जाऊन कसा बसतो, म्हणजेच क्लोजिंग, हे सांगायचं राहून जातं. म्हणून हे क्रमाने लिहितो.

फोन उचलण्याआधी : नोकरी स्वतः समजून घ्या

कंपनीकडून येणाऱ्या मेलमध्ये पद, शिक्षण, अनुभव आणि पगाराची रेंज असते. तेवढ्यावर कुणाला घर सोडायला सांगू नका. एचआरला फोन लावा आणि विचारा : पेरोल कुणाचा, कंपनीचा की ठेकेदाराचा? ठेकेदाराचा असेल तर किती महिन्यांचा करार? पाळ्या किती, रात्रपाळी किती दिवसांनी येते? साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? ओव्हरटाईम मिळतो का आणि कोणत्या दराने? बस कुठपर्यंत येते? कॅन्टीनचे पैसे कापतात का? आणि दोन प्रश्न आवर्जून विचारा : ही जागा का रिकामी झाली, आणि आधीचा माणूस किती दिवस टिकला?

या शेवटच्या प्रश्नावर एचआर कधी कधी गप्प होतात. मग समजायचं की अडचण तिथेच आहे. वर्षभरात तीन माणसं सोडून गेली असतील तर बहुतेक वेळा वरचा सुपरवायझर तसा असतो किंवा काम सांगितल्यापेक्षा वेगळं निघतं. हे तुम्हाला आधी कळलेलं बरं.

जमेल तिथे प्लांट पाहून या. जळगाव, धुळ्यातल्या कंपन्या तर हाताच्या अंतरावर आहेत. पाळी बदलताना गेटवर अर्धा तास उभे राहा, कॅन्टीनमध्ये जेवा. भाकरी मिळते की नुसती चपाती, भाजी कशी असते, मुलं रूम कुठे करतात, एका खोलीत किती जण राहतात, हे डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर फोनवर तुमचा आवाज वेगळा येतो. समोरच्याला ते कळतं.

पहिला फोन : सांगू कमी, विचारू जास्त

नवा रिक्रूटर पहिल्या दोन मिनिटांत कंपनीचं सगळं कौतुक सांगून मोकळा होतो. समोरचा "हं, हं" करतो आणि शेवटी "रेझ्युमे पाठवतो" म्हणतो. तो रेझ्युमे येत नाही.

आधी वेळ विचारा. पाळीवरच्या माणसाला दुपारी दोनला फोन केलात तर तो मशीनवर तरी असेल नाहीतर झोपेत. भाषा त्याची बोला. धुळे, अमळनेर, पारोळा, साक्री पट्ट्यातला मुलगा सुरुवातीला पुस्तकी मराठी बोलतो, पण आपण एखादं वाक्य अहिराणीत टाकलं की त्याचा आवाज सैल होतो. येत असेल तरच बोला, ओढूनताणून बोललेलं लगेच कळतं. रावेर, यावलकडची बोली वेगळी आहे, तिथे तीच अहिराणी चालवू नका.

मग विचारा, "आताची नोकरी का सोडावीशी वाटते?" पहिलं उत्तर ठरलेलं असतं : पगार. ते लिहून घ्या, पण तिथे थांबू नका. "पगार वाढवून दिला तर तिथेच राहाल का?" हा दुसरा प्रश्न. इथे माणूस जरा थांबतो. तो थांबला की तुम्हीही थांबा. नव्या मुलांना ही शांतता सहन होत नाही, ती लगेच पुढचं बोलायला लागतात. चार-पाच सेकंद कळ काढा. मग येतं ते खरं असतं : "राहिलो असतो, पण तीन वर्षं झाली, हेल्पर म्हणूनच ठेवलंय," किंवा "साहेब सगळ्यांसमोर बोलतात," किंवा "लग्नाचं बघताहेत, मुलीकडचे विचारतात की कायम आहे का."

हे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. तुमच्या भाषेत बदलू नका. महिनाभराने तो डळमळला की हेच शब्द लागतात. "तुम्हीच म्हणाला होतात, तीन वर्षं हेल्पर म्हणूनच ठेवलंय. इथे ऑफर लेटरवर ऑपरेटर लिहिलेलं आहे." यात तुम्ही काही पटवलेलं नसतं. त्याचीच गोष्ट त्याला परत दिलेली असते.

आणि रेझ्युमे कंपनीला पाठवण्याआधी त्याची परवानगी घ्या, कंपनीचं नाव सांगून. न विचारता दहा ठिकाणी रेझ्युमे पाठवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. कधी कधी तो फिरत फिरत त्याच्याच आताच्या मालकाच्या ओळखीत पोचतो आणि मुलाची असलेली नोकरी धोक्यात येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदाही झाला आहे. कायदा नसता तरी हे चुकीचंच होतं.

घरात कोण ठरवतं ते शोधा

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो. आपल्याकडे नोकरी एकट्याची नसते. शेती असेल तर मुलगा गेल्यावर पाणी कोण भरणार, हा प्रश्न असतो. केळीच्या पट्ट्यात रात्री वीज आली की रात्रीच मोटर चालू करावी लागते, ते काम बहुतेक घरातला तरुण मुलगाच करत असतो. धाकटी बहीण लग्नाची असते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं. यातलं काही रेझ्युमेत नसतं.

सरळ विचारा, पण हलक्या हाताने : "एवढ्या लांब जायचं म्हणजे घरी बोलावं लागेल. घरी कुणाशी बोलणार? ते काय म्हणतील असं वाटतं?" "घरी काही अडचण आहे का?" असं विचारलंत तर "नाही" एवढंच उत्तर येतं. "ते काय म्हणतील" विचारलं की माणूस वडिलांच्या आवाजात बोलायला लागतो आणि सगळ्या शंका एकेक करून समोर येतात.

त्यानंतर म्हणा, "वडिलांना काही विचारायचं असेल तर माझा नंबर द्या, मी बोलेन." बरेच जण देतात. वडिलांशी बोलताना त्यांना काका, बाबा जे तुमच्या तोंडी बसेल ते म्हणा, आणि आधी पगार सांगू नका. राहणं, जेवण, कंपनी कायम ठेवते का, घरी यायला किती वेळ लागतो, या क्रमाने बोला. जळगावहून पुण्याला रात्रीची ट्रॅव्हल्स आहे, रेल्वे आहे, शुक्रवारी रात्री निघाला तर शनिवारी सकाळी घरी चहाला पोचतो, हे वाक्य मी अनेक वडिलांना सांगितलं आहे. सुरतचं असेल तर ताप्ती लाईनची गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारवरूनच जाते. सुरत त्यांना आधीपासून परकं वाटत नाही, प्रत्येक गावातले दोन-चार जण तिथे असतातच. त्याच गावातला कुणी त्या कंपनीत असेल तर त्याच्याशी बोलणं करून द्या. तुमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा गावच्या माणसाची पाच मिनिटं जास्त वजनाची.

मुलीच्या बाबतीत एक चूक हमखास होते. रिक्रूटर तिच्याऐवजी तिच्या वडिलांशी किंवा नवऱ्याशीच बोलायला लागतो, किंवा लग्न झालंय म्हणजे लांब जाणार नाही असं मनातच ठरवून तिला फोनच करत नाही. आधी तिला विचारा आणि तिने सांगितलं तरच घरी बोला. तिला हॉस्टेल लागेल की नातेवाईक आहेत, पाळी किती वाजता सुटते, बस दारापर्यंत येते का, वरचा साहेब कोण, हे नेमकं सांगा. रात्रपाळी असेल तर तिची संमती आणि येण्याजाण्याची सोय या दोन गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या. अशा मुली एकदा बसल्या की टिकतात, हा माझा अनुभव आहे.

पगार : हातात किती, ते कागदावर मांडा

बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात धरतो आणि बोटांवर भाव ठरतो, बाजूच्यालाही कळत नाही. पगाराचं बोलणं बरोबर याच्या उलट व्हायला हवं. आकडा उघड, आणि तोही हातात पडणारा.

एक उदाहरण घ्या. पॅकेज २ लाख ७८ हजार. मुलगा बाराने भागतो आणि घरी सांगतो, तेवीस हजार. प्रत्यक्षात ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, पगार महिन्याला २०,०००, त्यात बेसिक १५,०००. त्यातून पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० जातात, ईएसआयचे (कामगार विम्याचे) साधारण १५०, व्यवसाय कर २००. हातात १७,८५०. मधले पाच हजार कुठे गेले? दोन हजारांवर या कपातीत गेले. बाकीचे हातात येणारच नव्हते : कंपनीने स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८००, ईएसआयचे साधारण ६५० आणि ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. मुलगी असेल तर महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगाराला महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणजे तिच्या हातात दोनशे जास्त. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात, तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या महिन्यात "शंभर रुपये का कापले?" म्हणून फोन येतो.

हे गणित मुलासमोर कागदावर करा, फोटो काढून त्याला पाठवा. पीएफ हा कापलेला पैसा नसून साठलेला पैसा आहे, आणि ईएसआयमध्ये त्याच्यासोबत त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या उपचारांचीही सोय असते, हे आईवडिलांना समजलं की त्यांचा सूर बदलतो. सांगायचं राहून गेलं तर पहिल्या पगाराच्या दिवशी घरात तुमच्यावर फसवणुकीचा शिक्का बसतो. तो पुसला जात नाही.

मग खर्च मांडा. रूमचा वाटा, मेस, ये-जा, घरी पाठवायचे पैसे. जळगावात १४ हजार कमावून घरी जेवणारा मुलगा पुण्यात १८ हजारांत मागे पडू शकतो. गणित बसत नसेल तर तसं सांगा आणि कंपनीकडे रूम किंवा जेवणाची सोय मागा.

इंटरव्ह्यूला पाठवण्याआधी मी एक प्रश्न विचारतोच : "हातात किती आले तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी राजीनामा द्याल?" जो आकडा येईल तो लिहून ठेवा. पुढे कंपनीने तो आकडा दिला तर बोलणं सोपं होतं, आणि नाही दिला तर तुमच्याकडे कंपनीशी बोलायला काहीतरी असतं. मात्र या आकड्याचा उपयोग मुलाला खाली ओढण्यासाठी करू नका. कंपनी २२ द्यायला तयार असताना त्याने १८ सांगितले म्हणून १८ वर बसवलं, तर शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा पगार कळायला त्याला आठवडा लागत नाही.

"विचार करून सांगतो"

हे वाक्य ऐकलं की नवा रिक्रूटर घाई करतो. जागा भरतेय, दुसरे तीन जण रांगेत आहेत, आज सांगा. खरोखर असेल तर सांगायला हरकत नाही. खोटं असेल तर अजिबात नको. गावात तुमचा शब्द एकदा खोटा निघाला की त्या गावातून पुढचा माणूस मिळत नाही.

या वाक्याच्या मागे बहुतेक वेळा मिळणाऱ्या गोष्टीबद्दलची शंका नसते, हातातून जाणाऱ्या गोष्टीची भीती असते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच मांडलं होतं : तेवढ्याच रकमेच्या फायद्याचा आनंद होतो त्यापेक्षा तेवढ्याच नुकसानीचं दुःख माणसाला जास्त जाणवतं. म्हणून चार हजार जास्त मिळतील हे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. काय सुटणार आहे ते शोधा आणि ते कमी करा. जेवण सुटतंय तर मेस दाखवा. गावचे मित्र सुटताहेत तर त्याच कंपनीतला गावकरी गाठून द्या. कायम नोकरीची खात्री नाही तर प्रोबेशन (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ) किती महिन्यांचं आणि गेल्या खेपेला किती जण कायम झाले, ते एचआरकडून विचारून आणा.

आणि कधी कधी भीती खरी असते. भुसावळचा एक इलेक्ट्रिशियन नाशिकच्या अंबडमधल्या जागेसाठी निवडला गेला होता. सहा हजार जास्त मिळत होते, तरी तीन आठवडे विचार करतो म्हणत होता. शेवटी मी समोर बसवून कागद मांडला. तो संध्याकाळी आणि रविवारी वायरिंगची खासगी कामं करायचा, आठ वर्षांची गिऱ्हाइकं होती. ती कमाई धरली तर नाशिकला जाऊन त्याच्या हातात कमीच पडत होते. मी त्याला म्हटलं, तुमचं गणित इथेच बसतं, जाऊ नका. त्याच दिवशी कंपनीला कळवलं आणि दुसरा माणूस शोधायला लागलो. तीन आठवडे आधी हा कागद मांडला असता तर कंपनीचाही वेळ वाचला असता.

दुसऱ्या बाजूचं क्लोजिंग : कंपनी

नवे रिक्रूटर सगळा जोर उमेदवारावर लावतात. निम्मं काम कंपनीत अडकलेलं असतं. इंटरव्ह्यू होतो आणि दहा दिवस उत्तर येत नाही. शेठ बाहेरगावी आहेत, लग्नसराई आहे, मार्च एंड आहे. तेवढ्यात मुलगा दुसरीकडे जातो.

म्हणून काम घेतानाच ठरवून घ्या : इंटरव्ह्यूनंतर दोन दिवसांत हो किंवा नाही. रेझ्युमे दहा पाठवू नका, तीन पाठवा, प्रत्येकासोबत चार ओळी : हा का सोडतोय, हातात किती हवेत, नोटीस किती (राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागेल), घरची परिस्थिती काय (तो सांगू नका म्हणाला असेल तर नाही). शेठ पगार वाढवायला तयार नसतील तर वाद घालू नका. गेल्या महिन्यात याच कामासाठी बोललेल्या माणसांचे आकडे, नावं न सांगता, त्यांच्यासमोर ठेवा. "नऊ जणांशी बोललो, सात जण अठराच्या खाली हलायला तयार नाहीत" हे वाक्य शेठला कळतं. ते रोज भाव पाहूनच माल घेतात.

तुमच्या फीबद्दल थोडक्यात. चालत आलेला दर वर्षाच्या पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, वर १८ टक्के जीएसटी. बऱ्याच कंपन्या तो पाच टक्क्यांवर आणायला बघतात. कमी केलीत तर बदल्यात काहीतरी घ्या : पैसे लवकर, किंवा जागा फक्त तुमच्याकडे. माणूस नव्वद दिवसांत सोडून गेला तर फुकट दुसरा द्यायचा, ही अट बहुतेक करारांत असते. म्हणजे खोटं बोलून बसवलेल्या माणसाचं काम तुम्हाला दोनदा करावं लागतं. आणि उमेदवाराकडून एक रुपयाही घेऊ नका, चहासुद्धा तुम्हीच पाजा. नोकरीच्या नावाखाली फॉर्मचे, ट्रेनिंगचे, डिपॉझिटचे पैसे उकळणाऱ्यांनी आपल्या भागातली कितीतरी घरं पोळली आहेत. पहिल्या फोनवरच "आम्ही पैसे घेत नाही" असं सांगितलं तर अर्धा संशय तिथेच जातो.

ऑफर आणि नोटीस

ऑफर आल्याबरोबर आधी फोन, मग मेल. फोनवर सांगताना त्याचा सूर ऐका. "बरं" आणि "अरे वा" यांत फरक असतो. नुसतं "बरं" आलं तर त्याच वेळी विचारा, "यात काय कमी वाटतंय?" लेटर आल्यावर सोबत बसून वाचा, गावाकडे असेल तर फोनवर ओळ न् ओळ. पद, पेरोल, प्रोबेशन, नोटीस, बाँड असेल तर त्याची रक्कम.

मग राजीनामा. आपल्याकडे काउंटर ऑफर, म्हणजे जुन्या मालकाने थांबवण्यासाठी दिलेली ऑफर, लेटरवर येत नाही. शेठ केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "तू तर घरचा आहेस रे, तुला काय कमी पडलं?" माणूस तिथेच विरघळतो. म्हणून आधी दहा मिनिटं सराव करा. तुम्ही शेठ व्हा, त्याला उत्तर देऊ द्या. उत्तर छोटं असावं : "साहेब, तुमचे उपकार आहेत, पण मी शब्द दिलाय." त्यापुढे स्पष्टीकरण नको, स्पष्टीकरणातूनच मोलभाव सुरू होतो. त्याच दिवशी राजीनामा मेलवर पाठवायला सांगा आणि पोचल्याचं उत्तर मागवायला सांगा. पुढे रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) आणि पीएफच्या नोंदीतली नोकरी सोडल्याची तारीख यावरून अडवणूक होते, तेव्हा हा मेल कामाला येतो.

काउंटर ऑफर खरोखर चांगली असेल, म्हणजे पहिल्या फोनला त्याने सांगितलेलं कारणच तिने सुटत असेल, तर राहू द्या. नुसते दोन हजार वाढले आणि पद हेल्परचंच राहिलं, तर वही उघडून त्याचेच शब्द वाचून दाखवा.

नोटीसचे तीस, साठ, कधी नव्वद दिवस हा सगळ्यात गळतीचा काळ. दर आठवड्याला फोन करा, पण "येताय ना?" विचारण्यासाठी नाही. एकदा रूमचं बघा, एकदा कागदपत्रांची यादी द्या, एकदा नव्या कंपनीतल्या सहकाऱ्याशी बोलणं करून द्या. शेवटच्या दोन आठवड्यांत त्याचे फोन लांबायला लागले, मेसेजला उशिरा उत्तर यायला लागलं, तर काहीतरी हललं आहे. लगेच भेटा.

जॉइनिंगची तारीख कॅलेंडर पाहून ठरवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात ठेवू नका, लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, कुणीही निघत नाही. दिवाळीच्या आधी बोनस सोडून कुणी येत नाही. कापूस वेचणीला घरात माणूस कमी असतो. पितृपक्ष आणि अमावस्या बऱ्याच घरांत पाळतात. तुम्ही मानत असाल-नसाल, त्यांना विचारून तारीख घ्या आणि कंपनीला चार दिवस पुढे सरकवायला लावा. चार दिवस उशिरा आलेला माणूस न आलेल्यापेक्षा केव्हाही बरा.

जॉइनिंग आणि त्यानंतर

आदल्या रात्री गाडीत बसला का ते विचारा. सकाळी गेटवर कुणाला भेटायचं त्याचं नाव आणि नंबर त्याच्याकडे असू द्या, आणि त्या माणसालाही मुलाचं नाव माहीत असू द्या. गेटवर तासभर ताटकळलेला मुलगा पहिल्याच दिवशी मनातून परत फिरतो. संध्याकाळी पाचच्या आत फोन करा आणि दुपारी काय जेवला ते विचारा. तिसऱ्या दिवशी वडिलांना फोन करा. त्या घरात तुमच्याकडून आलेला तो पहिलाच फोन असेल ज्यात काही मागायचं नाही.

पहिल्या पगाराची तारीख वहीत लाल पेनने लिहून ठेवा. त्या दिवशी मुलाकडून स्लिपचा फोटो मागवा आणि तुम्ही कागदावर काढून दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. महिन्याच्या मध्ये जॉइन झाला असेल तर दिवस मोजून. १७,८५० म्हटले होते आणि १७,२०० आले, तर त्याने विचारायच्या आत तुम्हीच एचआरला फोन लावा. कॅन्टीनचे ६५० कापलेत असं कळलं, तर ते आधी का सांगितलं नाही हे एचआरला विचारा, मुलाला खरं काय ते सांगा, आणि त्या कंपनीसाठी पुढच्या वेळी कागद मांडताना कॅन्टीनची ओळ त्यात घाला.